विस्तव आणि झरा

गेल्या वैशाखात लोहारा तालुक्यातल्या एका शेतात मी यारीच्या लोखंडी पाळण्यात बसून पन्नास फूट खाली उतरलो. विहीर नवी होती. बांधकाम व्हायचं होतं, त्यामुळे कडेचा खडक सगळीकडून उघडा होता. वर चार फूट काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग सलग काळा कातळ. कातळ जिथे संपला तिथे हातभर जाडीचा तांबडा पट्टा विहिरीला आतून वेढा घालून गेला होता. त्या पट्ट्याखाली खडकाचा नूरच पालटला होता. राखाडी-जांभळट, ठिसूळ, मसुरीपासून लिंबाएवढ्या पोकळ्यांनी भरलेला खडक, आणि त्यातल्या निम्म्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत स्फटिक. पाणी झिरपत होतं ते तिथूनच.

माझ्याबरोबर उतरलेले मामा साठी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनीही आयुष्यभर विहिरीच खोदल्या. ते म्हणाले, "वरला कातळ समदा कोरडा, साहेब. गेरू फोडला अन् मांजऱ्या लागला. मांजऱ्या लागला की झरा आलाच."

मी त्या गेरूवर बोट घासलं. पट्ट्याच्या खालच्या भागानं बोट तांबडं केलं. वरची चार बोटं जाडी मात्र विटेसारखी टणक होती, रंग सोडत नव्हती. हा पट्टा म्हणजे एके काळची जमीन. एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी ती उघड्यावर पडून होती. तिनं पाऊस झेलला, ती मुरली, मऊ झाली. मग तिच्यावर अकराशे अंश सेल्सिअसचा लाव्हा येऊन पसरला आणि तिचा वरचा थर भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघाला. ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची.

ओली जमीन आणि तिच्यावर अकराशे अंशांचा वितळलेला दगड. जगात अनेक ठिकाणी अशा भेटीनं डोंगर उडालेले आहेत. इथे चार बोटं माती भाजली आणि गोष्ट संपली. असं का झालं, या प्रश्नामागे मी वीस वर्षं फिरतो आहे. विहिरींना जागा दाखवणं, भूजल मोजणं हा माझा रोजचा धंदा आहे. ज्वालामुखीचा खडक हे माझं वेड आहे. धाराशिव जिल्ह्यात ही दोन्ही कामं एकाच विहिरीत होतात.

*

या प्रश्नाची सुरुवात माझ्या लहानपणी झाली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन गाव झोपलं होतं. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हादरली. मी अकरा वर्षांचा होतो, आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला काय झालं ते उजाडल्यावर कळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीची जड धाब्याची घरं झोपलेल्या माणसांवर बसली होती.

पुढचे कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. त्या दिवसांत गावोगाव एकच बोलणं होतं, खाली ज्वालामुखी आहे आणि तो फुटणार आहे. माझी आजी रात्री उठून जमिनीवर पालथा हात ठेवायची. जमीन तापली आहे का ते ती बघत असे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर पुढे मला अभ्यासात सापडलं. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात वरचे ३३८ मीटर लाव्हाचे थर निघाले. त्याखाली फक्त ८ मीटर गाळ, आणि मग अब्जावधी वर्षांचा जुना, थंड, स्फटिकी खडक. शिलारसाचा मागमूस नव्हता. भूकंप झाला तो त्या जुन्या खडकातली भेग सरकल्यामुळे. धाराशिवची आग कधीच विझलेली आहे.

पण त्या ८ मीटर गाळानं मला धरून ठेवलं. पहिला लाव्हा इथे पोचला तेव्हाची ती जमीन. त्या गाळात पाणी असणारच. आजी जमिनीवर हात ठेवून ज्या उद्रेकाची वाट पाहत होती, तो झाला असता तर तिथेच, त्या पहिल्या भेटीत झाला असता. तो झाला नाही.

*

विस्तव आणि पाणी भेटले की काय होतं, याचं शिक्षण आपल्या स्वयंपाकघरात रोज चालू असतं. ज्वारीची भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून बघा. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्र करून जागीच आटतो. तोच तवा फार तापला तर थेंब आटत नाही. तो मोत्यासारखा गोल होतो आणि तव्यावर पळत सुटतो. थेंबाखाली वाफेचा पातळ पदर तयार होतो, आणि वाफ उष्णता फार हळू पोचवते. त्या पदरानं पाण्याला विस्तवापासून जपलेलं असतं. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं १७५६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून शास्त्रात या गोष्टीला त्याचं नाव आहे.

आता दिवाळीची कढई. चकल्या तळताना ओला झारा तेलात गेला की काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बुडतं. चहूबाजूंनी तेलानं वेढलेलं असल्यामुळे ते शंभर अंशांच्या पुढे तापत जातं आणि मग एका क्षणात त्याची वाफ होते. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. तिला जागा हवी असते, म्हणून ती वरचं तेल बारीक तुषार करून उडवते. तव्यावरच्या थेंबाच्या डोक्यावर मोकळी हवा होती. कढईतला थेंब कोंडलेला होता.

ज्वालामुखीच्या नळीत या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडतात. शिलारस भूजलाला भिडतो तेव्हा आधी तव्यासारखाच वाफेचा पदर मध्ये येतो आणि क्षणभर दोघे शेजारी-शेजारी शांत राहतात. मग कशानं तरी, एखाद्या धक्क्यानं, दाबाच्या लाटेनं, तो पदर फाटतो. पाणी थेट शिलारसाला लागतं. शिलारस तडकून बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला नवी तापलेली बाजू मिळते, त्या बाजूला नवं पाणी लागतं, आणखी वाफ, आणखी तुकडे. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला रात्र लागते आणि किसून टाकली तर घटकाभरही लागत नाही, तसंच हे. फक्त इथला किस सेकंदाच्या हजाराव्या भागात पडतो. दगडात साठलेली उष्णता, जी एरवी महिनोन्‌महिने हळूहळू निघाली असती, ती एका दमात बाहेर पडते.

यात पाणी किती, यालाही महत्त्व आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत केनेथ वोलेट्झ यांनी वितळलेल्या धातुमिश्रणात पाणी मिसळून हे मोजून पाहिलं. पाणी अगदी थोडं असेल तर लाव्हाची कारंजी उडतात, फार काही होत नाही. पाणी उदंड असेल तर शिलारस निवून जातो. सगळ्यात भयंकर स्फोट होतो तो पाण्याचं वजन शिलारसाच्या सुमारे एक तृतीयांश असताना. म्हणजे समुद्रापेक्षा खडकातला मोजका, कोंडलेला झरा अधिक धोक्याचा.

दाबाचंही तसंच. खोल समुद्रात, दोन-सव्वादोन किलोमीटरच्या खाली, वरच्या पाण्याचं ओझंच इतकं असतं की वाफेला फुगता येत नाही. तिथे लाव्हा शांतपणे बाहेर येतो आणि उशांसारखे गोळे करत साचतो. उथळ पाण्यात हे ओझं नसतं. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगातला हुंगा ज्वालामुखी उथळ समुद्राखाली फुटला तेव्हा त्याचा स्तंभ ५७ किलोमीटर उंच गेला आणि सुमारे १४ कोटी ६० लाख टन पाण्याची वाफ थेट स्थितांबरात पोचली. कधी कधी तर शिलारस बाहेर यायचीही गरज पडत नाही. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानच्या ओंताके पर्वतावर खालच्या उष्णतेनं तापलेल्या भूजलाचीच वाफ फुटली. शनिवारची दुपार, शरदातली पानं बघायला आलेली माणसं शिखरावर जेवत होती. ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले.

*

माझ्या धंद्याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण हवाईचं आहे. तिथल्या किलाउएया ज्वालामुखीचा लाव्हा आपल्या काळ्या पाषाणाचा सख्खा भाऊ. पातळ, वाहता, सहसा न फुटणारा. त्याच्या मुखात कित्येक वर्षं लाव्हाचं तळं होतं. १९२४ मध्ये ते तळं अचानक खाली गेलं आणि मे महिन्यात त्याच शांत ज्वालामुखीनं अनेक टनांचे धोंडे हवेत फेकले. त्याचं जे स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं, ते आपल्याकडचा कुठलाही शेतकरी ऐकताक्षणी समजेल.

आपण विहिरीवर मोटर लावून पाणी उपसतो तेव्हा काय होतं? विहिरीतली पातळी खाली जाते आणि भोवतालच्या खडकातलं पाणी विहिरीकडे धावतं. शेजारच्याची विहीर आटते ती यामुळेच. नळीत लाव्हा उंच उभा होता तोवर त्याच्या वजनानं भोवतालच्या भूजलाला बाहेर थोपवून धरलं होतं. लाव्हा खाली उतरला, नळी उपसलेल्या विहिरीसारखी झाली, आणि भोवतालचं पाणी आत धावलं. आत विस्तव होता.

२०१८ मध्ये ते तळं पुन्हा खाली गेलं. १९२४ ची आठवण सगळ्यांना होती, शास्त्रज्ञ पाण्याची वाट पाहत बसले. पाणी आलं नाही. ते दिसलं थेट जुलै २०१९ मध्ये, मुखाच्या तळाशी एका हिरवट डबक्याच्या रूपात. नळीभोवतीचा खडक इतका तापलेला होता की आत येणारं पाणी वाटेतच वाफ होऊन जात होतं, आणि तो निवायला वर्ष लागलं. पुढे त्या डबक्याचं पन्नास मीटर खोल तळं झालं. २० डिसेंबर २०२० च्या रात्री लाव्हा परतला आणि ते अख्खं तळं उकळून वाफ होऊन गेलं. पण या वेळी पाणी वरून मोकळं होतं, म्हणून वाफेचा प्रचंड ढग उठला आणि तेवढ्यावर भागलं.

एकच डोंगर, तोच लाव्हा, तेच पाऊसपाणी. १९२४ मध्ये धोंडे उडाले, २०१८ मध्ये पाणी पोचलंच नाही, २०२० मध्ये ढग उठला. आग आणि पाणी दोन्ही हजर असणं पुरत नाही. कोण कुणाला कुठे गाठतो, डोक्यावर झाकण आहे की आभाळ, आणि भेटीला किती वेळ मिळाला, यावर सगळं ठरतं.

*

महाराष्ट्रात अशा वाफेच्या स्फोटाची खूण कुठे आहे का, असं कुणी विचारलं की पूर्वी बोट दाखवलं जायचं ते लोणारकडे. बुलढाणा जिल्ह्यातलं ते १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर बेसाल्टमध्ये खोल खोदल्यासारखं दिसतं. तळाशी खारं पाणी, काठाला उडालेल्या दगडांची कड. शंभर वर्षं भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचं काम मानत होते. अमेरिकेतले थोर भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या तशाच एका विवराबद्दल लिहिताना लोणारचा दाखला दिला होता. ॲरिझोनाचं विवर भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटानं झालं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

लोणारचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. विवराच्या तळाला छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजाला जबर धक्का बसून त्याची न वितळताच काच झाली की ती अशी दिसते. तेवढा धक्का देणं कुठल्याही वाफेला शक्य नाही. तो आकाशातून येणाऱ्या अशनीलाच शक्य आहे. ॲरिझोनाचं विवरही अशनीनंच झालेलं ठरलं.

मला या इतिहासातून एक शिस्त मिळाली. विवराचा आकार बघून बोलू नये, कण बघून बोलावं. पाण्यानं फोडलेल्या शिलारसाची राख वेगळी ओळखता येते. तिचे कण पिठासारखे बारीक आणि कोनाकोनाचे असतात, काचेचे असतात, त्यांत बुडबुडे थोडे असतात, कारण वायू फुगण्याआधीच पाण्यानं त्यांना गोठवलेलं असतं. ओल्या राखेचे गारांसारखे थराथराचे गोळे होतात. आणि त्या राखेत ज्या खडकातून स्फोट झाला त्याचे तुकडे भरपूर असतात. मी विहिरीत उतरतो तेव्हा गेरूच्या प्रत्येक पट्ट्यात याच खुणा शोधतो. माझ्या पाहण्यातल्या धाराशिवच्या एकाही विहिरीत त्या सापडलेल्या नाहीत.

पाणी तर होतं. दख्खनचे लाव्हा एका दमात आले नाहीत. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला असं आताचं कालमापन सांगतं, पण मानवी मोजपट्टीनं दोन लाव्हांच्या मधे शेकडो, हजारो वर्षांची उसंत होती. त्या उसंतीत नद्या वाहिल्या, तळी भरली, झाडं उगवली. वरळीच्या टेकडीत त्या काळातल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. तळ्यांत शिरलेल्या लाव्हाच्या उशा जबलपूरच्या बाजूला दिसतात. मुंबई बेटावर, दख्खनच्या अगदी शेवटच्या काळात, लाव्हा उथळ पाण्यात शिरला आणि उशांबरोबर तडकलेल्या काचेचा चुरा आणि स्फोटक राखेचे थरही मागे राहिले. म्हणजे आपल्या मुंबईला ही भांडणाची भेट माहीत आहे.

धाराशिवला नाही, कारण आपल्याकडे लाव्हा पाहुणा म्हणून आला. शिलारस ज्या भेगांतून वर चढला त्या भेगांचे समूह नाशिक-पुण्याकडे, कोकणात, नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत आहेत. भूजलाला कोंडीत गाठायचं तर ते तिकडे, नळीच्या आत. इथवर लाव्हा पोचला तो शेकडो किलोमीटर उघड्या जमिनीवरून वाहत. बालाघाटच्या या पठारावर त्याला ओली माती भेटली, डबकी भेटली, ओढे भेटले, पण त्यांच्या डोक्यावर आभाळ होतं. वाफ झाली आणि निघून गेली.

शिवाय लाव्हा पुढे सरकायची रीतही शांततेची होती. त्याचा पातळ ओघ पसरला की वरून आणि खालून लगेच पापुद्रा धरतो. मग मागून येणारा लाव्हा त्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरत राहतो आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. तव्यावर भाकरी फुगते ना, तसाच. भाकरी आतल्या वाफेनं फुगते, हा नव्या लाव्हानं फुगतो, एवढाच फरक. खालचा निवलेला पापुद्रा ओल्या जमिनीवर घोंगडीसारखा पसरतो आणि उष्णता जमिनीत बेतानं जाते. मिसळायला, किस पडायला वावच राहत नाही. म्हणून विहिरीत गेरूची वरची चार बोटंच भाजलेली दिसतात.

मामांचे तीन शब्द आता लावून बघा. फुगलेल्या लाव्हातले बुडबुडे वर चढतात आणि वरच्या पापुद्र्यात अडकून गोठतात, तो मांजऱ्या. मधला भाग हळूहळू निवतो, बुडबुडे निघून गेलेले असतात, तो घट्ट होतो, तो कातळ. वरचा पापुद्रा उघड्यावर राहून कुजतो, माती होते, तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन ती भाजतो, तो गेरू. कातळ, गेरू, मांजऱ्या, पुन्हा कातळ. किल्लारीच्या छिद्रात ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचेच थर एकावर एक रचलेले आहेत. तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात त्याही याच रचनेच्या.

*

लाव्हा निवल्यावरही पाणी थांबलं नाही. गरम थरांच्या राशीतून ते हजारो, लाखो वर्षं फिरत राहिलं. खडकातले क्षार विरघळवून त्यानं ते पोकळ्यांत आणून ठेवले. विहिरीतले ते पांढरे स्फटिक म्हणजे झिओलाइट. हे नाव स्वीडनच्या ॲक्सेल क्रॉन्स्टेड यांनी दिलं, त्याचा अर्थ उकळणारा दगड. सालही १७५६, लायडेनफ्रॉस्टचंच.

नावाचा अर्थ मी त्या दिवशी मामांना दाखवला. मांजऱ्यातून निघालेला नखाएवढा मोतिया स्फटिक उन्हात चांगला वाळवला, काचेच्या परीक्षानळीत टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. थोड्या वेळानं तो पांढराफटक झाला, पानापानांनी सुटू लागला. आणि नळीच्या वरच्या थंड भागात, आतून, पाण्याचे बारीक थेंब जमले. मामांनी नळी हातात घेतली, बराच वेळ उजेडाकडे धरून बघितली. "म्हंजी दगडानंच पाणी धरून ठिवलं व्हतं," ते म्हणाले. यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही. झिओलाइटच्या कणाकणातल्या जाळीत पाणी बसलेलं असतं, विस्तव लागला की ते बाहेर पडतं.

आपल्या जिल्ह्याचं पाणी असं मोजून-मापून धरलेलं आहे. शंभर लिटर आकारमानाच्या मांजऱ्या खडकातून विहिरीला मिळू शकतं ते एक ते तीन लिटर, तेही पोकळ्या आणि भेगा एकमेकींना जोडलेल्या असतील तर. झिओलाइटनं गच्च भरलेल्या पोकळ्या पाणी देत नाहीत. कातळाला भेगा नसतील तर तो कोरडाच. म्हणून एकाच बांधावर एका विहिरीला बारमाही झरा लागतो आणि पन्नास पावलांवर दुसरी फेब्रुवारीत आटते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा कुठे फुगला, कुठे निवला, यावर आज तुमच्या शेतातली ज्वारी ठरते.

गेरूचं काम झाकणाचं. तो चिकण, पाणी सहसा आरपार जाऊ देत नाही. त्याच्याखालच्या मांजऱ्यात पाणी दाबाखाली असलं तर गेरू फोडताच ते उसळून वर येतं. ही गोष्ट या मातीत फार जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कनकामर मुनींनी 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य रचलं. त्यात राजा करकंड तेरजवळच्या लेण्यांत येतो, तीच ही आपली धाराशिवची लेणी. मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. म्हातारा शिल्पी सांगतो, कोरताना इथे पाण्याची शीर लागली होती, ती बंद करायला ही गाठ ठेवली आहे. राजाला राहवत नाही. गाठ फोडली जाते आणि पाण्यानं लेणं भरून जातं. त्या शिल्प्याला खडकातल्या कोंडलेल्या पाण्याचा दाब नीट माहीत होता. टाकीच्या शेवटच्या घावाशी थांबायचं कुठे, हे त्याला कळत होतं.

ज्वालामुखीच्या तोंडाशी काम करणाऱ्यांना हेच ज्ञान लागतं. पाणी कुठल्या थरात आहे, किती दाबात आहे, त्याच्यावरचं झाकण कशाचं आहे. मी धाराशिवच्या विहिरींत जे शिकलो ते हवाईच्या शोधनिबंधात वाचताना मला परकं वाटलं नाही. विस्तव असलेल्या जागी या प्रश्नांवर माणसांचे जीव ठरतात. विस्तव विझलेल्या जागी यांच्यावर टँकर येणार की नाही ते ठरतं.

*

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते.

आपल्या जिल्ह्यात डोंगरकडे थोडे आहेत. पठारावर काळी माती पसरलेली आहे आणि खालचा खडक कुठेच दिसत नाही. इथला लाव्हा कसा आला, पाणी त्याला कसं भेटलं, हे वाचायचं एकच ठिकाण आहे, ते म्हणजे खोदलेली विहीर. तिचं हे पान उघडं असतं फार तर महिना-दोन महिने. मग सिमेंटचं बांधकाम चढतं आणि ते कायमचं झाकलं जातं. बांधकाम करावंच लागतं, नाहीतर पाणी प्यालेला गेरू फुगतो आणि कड ढासळते, त्यात माणसं गेलेली आहेत. बोअर घेतली तर हाती फक्त भुकटी येते. किती फुटांवर तांबडी भुकटी निघाली एवढं कळतं, गेरू किती भाजला होता, मांजऱ्यातल्या पोकळ्या आडव्या होत्या की उभ्या, हे कळत नाही. आणि मामांसारखी माणसं, ज्यांच्या डोक्यात शे-दोनशे विहिरींच्या कडा साठवलेल्या आहेत, ती आता थोडी उरली आहेत.

म्हणून माझी एक विनंती आहे. या हिवाळ्यात तुमच्या शेतात किंवा शेजारी विहीर खोदली जात असेल, तर बांधकाम चढण्याआधी एक दिवस द्या. वरून मोजपट्टी सोडा, ती दिसेल असा मोबाइलनं चारही बाजूंचा फोटो घ्या. माती किती फूट, मुरूम किती, कातळ कुठून कुठवर, गेरू किती जाड, झरा नेमका किती फुटांवर लागला, हे वहीत लिहा. खोदणाऱ्या माणसाला विचारून लिहा, तो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त सांगेल. विहिरीचा गट नंबर आणि तारीख घाला. शाळेतल्या मुलांकडून हे करून घेतलं तर आणखी चांगलं. दहा गावांच्या अशा शंभर वह्या जमल्या तर गेरूचा कुठला पट्टा कुठवर जातो हे कळेल, पुढची विहीर अंदाजानं खोदावी लागणार नाही, आणि कधीतरी एखाद्या वहीत मला इतकी वर्षं न सापडलेली खूण, राखेचा एखादा गोळा, निघेलही.

लोहाऱ्याच्या त्या विहिरीत आम्ही हेच केलं. मालकांनी बांधकामाच्या गवंड्यांना दोन दिवस थांबवलं. मी मापं सांगत गेलो आणि मामांनी चुन्याचा डबा घेऊन प्रत्येक थराच्या सीमेवर पांढरी रेघ ओढली. गेरूच्या वर एक, खाली एक. झऱ्यापाशी त्यांनी रेघेऐवजी हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. मी वहीत लिहिलं: झरा, सत्तेचाळीस फूट, गेरूच्या खाली, मांजऱ्यात.